पान दोनशे चौदा

५ जानेवारी

दादा,

तुझं पोस्टकार्ड काल दुपारी मिळालं. चार वर्षांत तुझं अक्षर दिसलं नव्हतं, तरी पोस्टमनच्या हातात असतानाच ओळखलं. सगळी अक्षरं एका उंचीची, एकाचीही मान वर नाही की पाय खाली नाही. पाणीपुरवठा खात्यात तीस वर्षं नकाशे काढून त्यांवर नावं घालणारा माणूस आणखी कसं लिहिणार म्हणा. मायना नाही, सही नाही, ‘कशी आहेस’ नाही. ‘पान २१४ वरचं वाक्य तिचं आहे का? ती जसं बोलली तसंच लिहून पाठव.’ झालं.

उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं, मग चहाचं आधण ठेवलं आणि गॅस पेटवायलाच विसरले.

म्हणजे तू कादंबरी वाचलीस. मला वाटलं होतं, माझं नाव असलेलं पुस्तक तू आता चिमट्यानेही उचलणार नाहीस. कुठे मिळाली? वाचनालयात? कशी झालीय हे तुला विचारायची सोय मी ठेवलेली नाही, ते मला ठाऊक आहे. पण एक चूक तुझ्या नजरेतून सुटली नसणार. सातव्या प्रकरणात माणूस दवाखान्यातून निघतो आणि पूल न ओलांडताच घरी पोहोचतो. छापून आल्यावर लक्षात आलं. आधीच्या पाच पुस्तकांत गावाचा नकाशा तू काढून द्यायचास, तेव्हा माझा एकही माणूस रस्ता चुकला नव्हता. या वेळी नकाशा मीच काढला. त्यात नदी म्हणजे नुसती वेलांटी आहे.

विषय टाळतेय असं म्हणशील. बरं, येते विषयाकडे.

पुस्तकातली आजारी बाई त्या पानावर नणंदेला म्हणते, ‘ह्यांना सांग, मी कंटाळले नव्हते, नुसती दमले होते.’ लोकांना हे वाक्य फार आवडलं. एका बाईंनी ते स्वयंपाकघरातल्या फळ्यावर लिहून ठेवलंय, तसं त्यांनी मला कळवलं. आणि तू मात्र ते वाचून बरोबर ओळखलंस की हे हवेतून आलेलं नाही. वहिनी गेली त्या दुपारी तू औषध आणायला गेला होतास आणि तिच्याजवळ मी एकटी होते. तू परत आलास तेव्हा मी तुला म्हटलं की ती झोपूनच होती, झोपेतच गेली.

त्यात थोडी दुरुस्ती आहे. मध्ये एकदा तिने डोळे उघडले होते. बोलली होती. तुझ्यासाठी निरोप होता.

तेव्हाच का नाही सांगितलं, म्हणशील. तेव्हा वेळ तशी नव्हती. डॉक्टर आले, शेजारचे आले, तू भिंतीला टेकून उभा होतास आणि औषधाची पिशवी तुझ्या हातात तशीच होती. कुणीतरी ती काढून घेतली तेव्हा तुला कळलं की आपल्या हातात काही होतं. अशा माणसाला काय सांगणार? राहून गेलं. आणि दोन आठवड्यांनी तूच निघून गेलास.

ती काय म्हणाली ते माझ्या टिपणांच्या कार्डावर असेल. शोधून कळवते. तुझ्या ऑफिसने मोडीत काढलेलं ते चोवीस खणांचं कपाट अजून वरच्या खोलीत आहे, फक्त तिसरा खण अडकतो. त्याला मेण लावू की साबण? तेवढं पुढच्या कार्डात लिही. जागा उरतेच तुझ्या कार्डात.

तुझी,
टीपकागद

(हे नाव तूच ठेवलं होतंस. पाहुणे जे बोलले ते मी ते गेल्यावर जसंच्या तसं म्हणून दाखवायचे, आणि आई माझ्या तोंडावर हात ठेवायची. आता ही सही तुला चालते की नाही, माहीत नाही.)


१३ जानेवारी

दादा,

‘कच्चं कार्ड पाठव.’ तीन शब्द. जगातल्या तारा बंद झाल्या, तुझी सुरू आहे. मेण की साबण हेही सांगितलं नाहीस.

कच्चं कार्ड नाही.

आपली पद्धत तुला सांगायची म्हणजे तूच बांधलेल्या घराचा पत्ता तुला द्यायचा. तरी लिहिते, म्हणजे मी काहीतरी लपवतेय असं तुला वाटायला नको. कानावर जे पडेल ते तिथल्या तिथे पांढऱ्या कार्डावर, पेन्सिलने, जसं पडलं तसं. अडखळणं, चुका, सगळं. कोपऱ्यात तारीख आणि वेळ. ते कच्चं. मग टेबलापाशी बसून तेच पिवळ्या कार्डावर, शाईने, काटछाट करून. ते पक्कं. आणि मग पक्कं कार्ड त्याच्या त्याच्या खणात: चालणं, हात, शिव्या, धंद्यातले शब्द, खोटं बोलतानाचे चेहरे. इथवर आपलं एकमत होतं.

भांडण होतं ते पुढच्याचं. पक्कं झालं की मी कच्चं फाडायचे. दोन-दोन रूपं समोर राहिली की लिहिताना मन धरसोड करतं, असं माझं म्हणणं. तू चिडायचास. ‘नवा नकाशा झाला म्हणून कुणी जुना फाडतं का? त्याच्यावर “रद्द” शिक्का मारायचा आणि ठेवून द्यायचा. रस्ता खणायची वेळ आली की पाइप कुठून गेलाय ते जुन्यावरूनच कळतं.’ आणि दुसऱ्या दिवशी मला ‘रद्द’चा शिक्का बनवून आणून दिलास. तो मी न आवडलेल्या परीक्षणांवर मारत आले. तुला वाटलं असेल, वापरते आहे.

तर ते कार्ड फाडलं. सवयीने. पक्की आहेत, ती तीन आहेत. तिन्ही माझ्या हातची, तिन्हींवर त्याच दिवसाची तारीख:

‘ह्यांना सांग, मी कंटाळले नव्हते, नुसती दमले होते.’

‘ह्यांना सांग, खिडकी उघडी ठेवत जा. मी गेले म्हणून वारा थांबत नाही.’

‘ह्यांना सांग, वेळेवर जेवत जा. बाकीचं आपोआप जमेल.’

पहिलं पुस्तकात गेलं. यातलं खरं कुठलं, ते आता मला ओळखता येत नाही. असं कसं होईल, म्हणशील. होतं. आधी ऐकलेलं लिहिते, मग ते जरा बरं करते, मग आणखी एक करून पाहते, आणि चार वर्षांनी तिन्ही ऐकल्यासारखीच वाटतात. तू एकतीस वर्षं तिच्याबरोबर राहिलास. बघ, तुला ओळखता येतं का.

आणि लिहायला बसलेच आहे तर तो खणही उघडते. वहिनी गेल्यावर तू बावीस क्रमांकाचा खण उघडलास, तो रिकामा असेल म्हणून. तिचा चष्मा ठेवायला. आत माझी सव्वीस पिवळी कार्डं होती. ‘वहिनी: श्वास’. ‘वहिनी: पाणी मागणे’. ‘वहिनी: नखांचा रंग’. घरातलं माणूस कार्डावर घ्यायचं नाही, हा आपला पहिला नियम. तोही तुझा. मी जिन्यात उभी होते, तुझी पाठ दिसत होती. मला वाटलं, तू फाडशील, नाहीतर खण माझ्या डोक्यात घालशील. तू सगळी वाचलीस. त्यातली दोन अकारविल्हे क्रमात चुकून मागेपुढे लागली होती, ती काढून योग्य जागी लावलीस. चष्मा खिशात घातलास आणि खाली गेलास. दोन दिवसांनी खालचं घर रिकामं.

दादा, फाडली असतीस तरी मी सहन केलं असतं. ती तू नीट लावलीस, हे माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

एवढं मात्र सांगते की वहिनीची परवानगी होती. तिने मला लिहिताना पाहिलं होतं. ‘घे टिपून,’ म्हणाली होती हसत. हे तुला कुणी सांगायला हवं होतं.

टीपकागद


२२ जानेवारी

दादा,

नऊ दिवस झाले, तुझं काही नाही. पोस्टमनला रोज विचारते. तो आता मला बघून लांबूनच मान हलवतो.

काल वाचनालयात माझं भाषण होतं. विषय त्यांनीच दिला होता: ‘नव्या कथालेखकांसाठी उपयुक्त साधने’. चाळीसेक माणसं होती, निम्मी तरुण, निम्मी माझ्यासारखी, ज्यांना निवृत्त झाल्यावर कादंबरी आठवते. मी दोन खण उचलून नेले होते. तू ट्रेसिंग पेपरची केलेली ती लांब काळपट्टीही नेली, भिंतीवर लावली. कोण कधी जन्मलं, कुणाला कधी काय कळलं, सगळं एका नजरेत. पहिल्या कादंबरीचा नकाशा नेला. जुन्या फोनच्या यादीतून गोळा केलेली नावांची वही नेली. लोक रांगेने येऊन बघत होते. नकाशापाशी एक गृहस्थ किती वेळ उभे. म्हणाले, ‘इथे विहिरीची खोलीसुद्धा लिहिलीय हो! गोष्टीत येते का?’ म्हटलं, नाही येत. पण ती काढणाऱ्याला लिहिल्याशिवाय चैन पडली नसती.

संगणकावरची नवी सोयही दाखवली. प्रकाशकांच्या मुलीने ती मला घालून दिलीय. रंगीत चौकोन असतात, प्रसंग इकडचा तिकडे ओढून नेता येतो. मी त्यात परवा चुकून एका माणसाला लग्नाआधी विधुर केलं. हसले सगळे. मग मी म्हटलं, ‘यातलं काहीच नसलं तरी चालेल, एक भाऊ मात्र हवा.’ तेव्हाही हसले. मी पाणी प्यायले.

शेवटी प्रश्न. मागच्या रांगेतली एक मुलगी उठली. नर्सचं काम करते म्हणाली, ड्युटीवरून तशीच आली होती. ‘तुम्ही कच्चं फाडून टाकता म्हणालात. मग नंतर, खरं काय झालं होतं ते तुम्हाला आठवतं का?’

मी म्हटलं, ‘कथालेखकाला आठवावं लागत नाही, बाई. त्याला पटवावं लागतं.’

टाळ्या पडल्या, दादा. कडाडून. ती मुलगी वाजवत नव्हती. ती वहीत काहीतरी लिहून घेत होती, आणि मला इतकी लाज वाटली की आभाराचं भाषण संपायच्या आत मी खण काखेत मारून निघाले.

घरी येऊन काळपट्टीचा कोरा तुकडा घेतला आणि ती दुपार मांडायला बसले. म्हटलं, आजवर एवढ्या खोट्या दुपारी या पट्टीवर मांडल्या, एक खरी मांडून बघू. दोन चाळीस: तू निघालास. कोपऱ्यावरच्या दुकानात औषध संपलेलं, म्हणून तू मोठ्या इस्पितळाकडे गेलास, हे तू मागून सांगितलंस. तीन दहा: मी तिची उशी उलटी केली, कारण एका बाजूने ती तापली होती. तीन वीस: बोलली. तीन पंचेचाळीस: श्वास लांबला. चार पाच: तुझी चप्पल जिन्यात वाजली.

तीन वीसच्या पुढे बोटभर जागा सोडली होती. तिथे मी ती तीन कार्डं एकामागून एक ठेवून बघितली. पहिलं बसलं. दुसरंही बसलं. तिसरंही. कादंबरीत असं झालं की मी खूश होते, त्या दिवशी स्वतःलाच जास्तीचा चहा देते. काल नुसती बघत बसले.

मला खरंच काही सुचत नाही रे. घरात ही एवढी साधनं पडलीत. कोण कसं रडतं त्याची एकशे चाळीस कार्डं आहेत. आणि तू विचारलेल्या एका ओळीसाठी यातलं एकही कामाला येत नाही. मी हात टेकले.

तू काही लिही. शिव्या लिही.

टीपकागद


२ फेब्रुवारी

दादा,

तुझा कागद मिळाला. पोस्टकार्ड नव्हे, चक्क कागद, आणि त्यावर पट्टीने आखलेला तक्ता. उघडल्या उघडल्या मला हसू आलं, कारण एखाद्या हाताखालच्या माणसाचा नकाशा तपासून परत पाठवावा तसाच तू पाठवला आहेस. मग वाचला.

‘१. “कंटाळले” हा शब्द ती वापरत नसे. “जीव विटला” म्हणे.

२. तिला वारा सोसत नसे. खिडकी मी उघडायचो, ती लावायची. एकतीस वर्षं.

३. स्वयंपाक मी करत असे. ती कामावरून माझ्यानंतर येई. जेवायला मी तिला हाका मारायचो, ती मला नाही. “वेळेवर जेवत जा” हे ती मला सांगणार नाही.

तिन्ही तुझी आहेत. तिचं पाठव.’

मी एकोणीस वर्षं तुमच्या डोक्यावर राहिले. रोज रात्री तुझ्या हातचं जेवले. ‘ताटं घेतलीत, या आता’ अशी तुझी हाक जिन्यातून यायची, आणि वहिनी खालून ‘आले, आले’ म्हणायची, आणि दहा मिनिटं यायची नाही. हे सगळं माझ्या कानांनी ऐकलंय. परीक्षणांत माझ्याबद्दल ‘बारीक नजर’ असं लिहितात. आणि तिच्या तोंडी शेवटचं वाक्य घालताना मी तिला कुठल्यातरी भलत्याच बाईची बायकोगिरी करायला लावली. जी सगळ्या कादंबऱ्यांतून मरते, ती बाई. तुला ते वाचताना काय झालं असेल, याचा मी काल सबंध दिवस विचार करत होते.

आधी राग आला, तेही सांगते. म्हटलं, हा कोण मला तपासणारा. शेवटच्या दिवसांत माणूस स्वतःसारखं बोलतंच असं नाही, असं तुला ठणकावून लिहावं म्हणून कागद ओढला. पहिली ओळ लिहिली आणि खोडून टाकली.

मग मी जे केलं ते तुला कळायला हवं.

आज सकाळी सव्वीसच्या सव्वीस कार्डं काढली आणि पलंगावर मांडली. तुझा तक्ता मधोमध ठेवला. आणि एक वाक्य तयार केलं. नाही, एक नव्हे, तीन छोटी वाक्यं. त्यात ‘जीव विटला’ होतं. खिडकी लावलेली होती. तुझ्या स्वयंपाकावर एक टोमणा होता, ती मारायची तसा, अर्धा मारून सोडलेला. मध्ये एके ठिकाणी श्वास लागून थांबली होती, ते कसं लिहायचं हे मला कार्डांवरूनच कळलं. दादा, तुला त्यात खोट सापडली नसती. तुझ्या तक्त्याच्या तिन्ही रकान्यांत बसेल असं ते होतं. वाचून मीच रडले, आणि रडता रडता मनात आलं की हे चांगलं जमलंय.

‘कच्चं कार्ड अचानक सापडलं’ अशी चिठ्ठीही लिहिली. पाकिटात घातलं. तुझा पत्ता लिहिला. चपला घातल्या आणि टपालपेटीपर्यंत गेले. पेटीच्या तोंडाशी हात नेला. तिथे एक आजोबा तिकीट चिकटवत होते, ते म्हणाले, ‘टाका ना, तुमचं आधी.’ मी म्हटलं, तुम्हीच टाका. त्यांनी टाकलं, ते गेले. मी उभीच.

तू ते चष्म्याच्या घरात घालून ठेवलं असतंस. रोज काढून वाचलं असतंस. पाठ झालं असतं तरी वाचलं असतंस. आणि ते माझं असतं.

पाकीट फाडलं. अगदी बारीक बारीक तुकडे केले, आणि पेटीशेजारच्या डब्यात टाकले. घरी आले. तेव्हापासून हे पत्र लिहितेय, आणि अजूनही मुद्द्यावर आलेले नाही. आता हाताला कळ लागलीय. उद्या लिहीन. हे पत्र टाकणार नाही, दोन्ही एकदम टाकीन, नाहीतर माझा धीर सुटेल.


३ फेब्रुवारी

दादा,

कच्चं कार्ड मी फाडलं नाही. ते लिहिलंच गेलं नव्हतं.

तीन वाक्यांतलं खरं कुठलं ते आठवत नाही, असं मी तुला लिहिलं, ते खोटं. तिन्ही खोटी आहेत हे मला पहिल्यापासून माहीत होतं. तू काल-परवा सिद्ध केलंस ते मला चार वर्षं ठाऊक आहे. तुझं पहिलं कार्ड आलं तेव्हा वाटलं, वेळ मारून नेता येईल. मला ते नेहमीच जमत आलंय.

आणि परवानगी नव्हती. ‘घे टिपून’ असं ती कधी म्हणाली नाही. मी शब्दकोश मांडीवर घेऊन तिच्याजवळ बसायचे. तिला वाटायचं, मी काहीतरी वाचतेय. कार्ड शब्दकोशाच्या आत असायचं. तिला खूप बरं वाटायचं की मी माझं काम सोडून तिच्यापाशी बसते. ‘तुझी कादंबरी अडली असेल ना माझ्यापायी,’ असं दोनदा म्हणाली.

आता तीन वीसचं लिहिते. जसं झालं तसं. यात मी काही नीट करणार नाही.

उशी उलटी करताना माझी पेन्सिल पडली होती. माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी खुर्चीत बसले, शब्दकोश मांडीवर, त्यात कोरं कार्ड. तिने डोळे उघडले. चांगले, पूर्ण उघडले, तीन दिवसांत पहिल्यांदाच. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, ‘ह्यांना सांग.’

मला लगेच कळलं की हा निरोप आहे. शेवटचा. मी कान टवकारले. आणि हात पेन्सिलीकडे गेला, तर पेन्सिल नाही. मी खाली बघितलं. ती पलंगाखाली गेली होती, पार भिंतीपाशी. मी वाकले. हात पुरेना म्हणून गुडघ्यांवर बसले आणि डोकं आत घातलं.

वर ती बोलत होती. मला आवाज येत होता. शब्द नाहीत. आवाज हळू होता, मध्येच थांबला आणि परत सुरू झाला. चार-पाच शब्द असतील. जास्तही असतील. शेवटी हसल्यासारखं काहीतरी. नक्की हसलीच असं मी म्हणणार नाही.

पेन्सिल घेऊन मी वर आले आणि म्हटलं, ‘काय म्हणालीस वहिनी? परत सांग ना.’

तिने माझ्याकडे बघितलं. मग पेन्सिलीकडे. मग माझ्या मांडीवरचा शब्दकोश पडला होता त्याच्याकडे, आणि त्यातून बाहेर आलेल्या कार्डांकडे. चार-पाच होती, त्या आठवड्याची. तिच्या नावाची. चष्मा नव्हता तिला, पण स्वतःचं नाव माणसाला दिसतं. सगळं बघून झाल्यावर ती म्हणाली, ‘राहू दे.’

रागाने नाही. रागाने म्हणाली असती तर मी तुझ्यापुढे उभी राहू शकले असते. एखादीने घाईच्या वेळी चहा विचारावा आणि आपण नको म्हणावं, तसं म्हणाली. मग तोंड भिंतीकडे केलं. मी पेन्सिल टाकली, कार्डं पायाने पलंगाखाली लोटली, तिचा हात धरला. तिने तो काढून घेतला नाही. मी म्हटलं, वहिनी, सांग ना, मी लिहीत नाही, नुसतं सांग. तीन-चारदा म्हटलं. ती काही बोलली नाही. पंचवीस मिनिटं होती, दादा. तिला सांगता आलं असतं. मग श्वास लांबला, आणि मग तू आलास.

म्हणून मी तुला म्हटलं, झोपून होती. म्हणून मी तीन निरोप बनवले. पहिला तर तू घरात असतानाच बनवला, त्याच आठवड्यात. तुला सांगायला म्हणून बनवला होता. पण तोंडावर खोटं बोलायची हिंमत झाली नाही, म्हणून पुढे पुस्तकात घातला. तिथे कुणी विचारत नाही.

तुला तिचं वाक्य हवं होतं. तिचे म्हणून माझ्यापाशी चार शब्द आहेत. ‘ह्यांना सांग’ आणि ‘राहू दे’. मधलं नाही. ते मी कुठल्याही खणातून काढून देऊ शकत नाही, आणि बनवून तर आता कधीच देणार नाही. क्षमा कर असं लिहिण्याचा मला अधिकार नाही, तरी लिहिते. तू कर, असं माझं म्हणणं नाही.

तिला तुला काहीतरी सांगायचं होतं, एवढं नक्की. आणि तिने ते सांगितलं, पूर्ण सांगितलं. खोलीत माझ्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं, आणि मी पेन्सिल शोधत होते.